जमिनीतून पडलेल्यांसाठी एक बटण

माझ्या वयाच्या काही गृहस्थांना एक वाक्य पाठ आहे. "पूर्वी गेम पूर्ण करून विकायचे हो, आता अर्धेकच्चे विकतात आणि मागाहून ठिगळं लावतात." चाळिशी उलटलेली, केस विरळ झालेले, आणि समोर एखादं पोर अपडेट डाउनलोड व्हायची वाट बघत बसलेलं दिसलं की यांचं कीर्तन सुरू. आमच्या मुर्धा गावाच्या नाक्यावर सुरू, भाईंदर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत सुरू, हळदीच्या मांडवातसुद्धा सुरू. कीर्तनाचं सार असं: १९९० ते २००५ हे संगणकावरच्या रोलप्लेइंग गेमांचं कृतयुग होतं. गेम कठीण होते, खेळणारे चिवट होते, बनवणारे ऋषितुल्य होते. आजची पिढी मात्र लाडावलेली, जरा कुठे अडलं की ओरडणारी.

हे धादांत खोटं आहे. ते गेम मी खेळलो आहे, आजही खेळतो, आणि माझं त्यांच्यावर प्रेम आहे. म्हणूनच ही थाप ऐकून माझं डोकं फिरतं.

'डॅगरफॉल' घ्या. 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला हा दुसरा गेम बेथेस्डा कंपनीनं १९९६ साली काढला. त्याची कीर्ती अशी की त्यातला प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा मोठा. हजारो गावं, आणि हजारो भुयारं. खेळाडू त्यांना डंजन म्हणतात. आता इतकी भुयारं हातानं कोण रचणार? म्हणून कंपनीनं तयार तुकडे घेतले आणि संगणकाला ते जोडायला लावले. जोडकाम कसं झालं? सांध्यांत भोकं राहिली. तुम्ही दिवा घेऊन, तलवार परजून, भिंतीकडेनं चाललेले असता, आणि एका पावलाला जमीन संपते. खाली राक्षस नाही, सापळा नाही, काहीच नाही. निव्वळ काळोख, आणि त्यात तुम्ही पडत राहता. वर बघितलं तर ज्या भुयारातून पडलात ते भुयार बाहेरून दिसतं.

आता ऋषितुल्य मंडळींनी यावर काय उपाय केला ते ऐका. त्यांनी एक बटण दिलं. ऑल्ट आणि एफ-११ एकदम दाबा, की तुम्ही शेवटी जिथे उभे होतात तिथे परत. म्हणजे आपल्या जमिनीला भोकं आहेत हे कंपनीला ठाऊक होतं. ग्राहक त्यांतून पडतील हेही ठाऊक होतं. आणि ती बुजवणं झेपत नाही म्हणून पडलेल्याला वर ओढायची सोय करून ठेवली. हे बटण कठीणपणाच्या कोणत्या शास्त्रात बसतं? कोणत्या तपश्चर्येचा हा भाग?

आणि तेवढ्यानं भागलं नाही. जी वस्तू शोधायला तुम्हाला भुयारात धाडलंय ती कधी कधी अशा जागी जाऊन बसायची की तिथवर वाटच नाही. अशा वेळी गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ स्वतः लिहायची आणि चौकटी कंसाची बटणं दाबून थेट त्या जागी उडी मारायची. सेव्ह केलेला गेम बिघडला तर त्याच्यासाठी फिक्ससेव्ह नावाचा वेगळा प्रोग्रॅम. म्हणजे खेळाडूनं सांधेही तपासायचे, फाइलीही दुरुस्त करायच्या, आणि उरलेल्या वेळात साम्राज्य वाचवायचं. पूर्ण करून विकलेला गेम म्हणतात तो हाच काय?

पॅच, म्हणजे ती मागाहूनची ठिगळं, निघाले की, असं आता कीर्तनकार म्हणतील. निघाले ना. एकामागून एक निघाले. पण ते मुर्ध्यापर्यंत पोचायचे कसे? व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यात विद्यार्थ्यांना परवडेल असं जे खातं मिळायचं त्यात नुसती अक्षरं दिसत. खाडी आणि मिठागरांच्या शेजारच्या आमच्या गावात तेव्हा घरात फोन असणं हीच मिरवायची गोष्ट होती. त्या फोनवरून मोडेमच्या किंकाळ्या ऐकत कित्येक मेगाबाइटचा पॅच उतरवायचा, मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की पुन्हा पहिल्यापासून. शहराच्या इतक्या जवळ ही गत, तर आतल्या जिल्ह्यांचं काय झालं असेल?

शिवाय आमच्या हातात सीडी कोणती? ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोड गाठायचा, आणि फूटपाथवर प्लास्टिकच्या पाकिटात झेरॉक्स केलेलं चित्र खोचलेली सीडी घ्यायची. ही नक्कल नेहमी पहिल्या आवृत्तीची. सगळ्यात जास्त भोकं असलेल्या आवृत्तीची. तिचं कुलूप तोडण्यासाठी मूळ फाइलीत फेरफार केलेला असल्यामुळे पॅच मिळवला तरी तो बसायला नकार द्यायचा. त्याला मूळ फाइल जशीच्या तशी हवी असायची. "चोरीचा माल वापरलात, मग तक्रार कसली?" हा प्रश्न मला माहीत आहे. उत्तर सोपं आहे. अमेरिकेत ज्यानं दुकानात जाऊन पूर्ण डॉलर मोजले, त्याच्या खोक्यातही हीच भोकं होती. त्याच्यावरचा अन्याय आमच्यापेक्षा मोठा. आम्ही फक्त त्याच्याइतकेच खाली पडलो.

कागदांचीही एक कथा आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. १९८८ च्या 'पूल ऑफ रेडिअन्स'मध्ये आणि त्याच वर्षीच्या 'वेस्टलँड'मध्ये गोष्टीचा बराच भाग पडद्यावर नव्हताच. गेम तुम्हाला सांगायचा, सोबतच्या पुस्तिकेतला अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. फ्लॉपीत जागा कमी, ही अडचण खरी, आणि ती मी मान्य करतो. पण त्याच पुस्तिकेत त्यांनी मुद्दाम खोटे परिच्छेदही पेरले होते, पुढचं चोरून वाचणाऱ्याला चकवायला. 'वेस्टलँड'च्या पुस्तिकेत तर मंगळावरून आलेल्या स्वारीची एक अख्खी उपकथा आहे आणि गेममध्ये तिचा मागमूस नाही. इथवर ठीक, मला ती खोडी आवडते. पण ज्याच्याकडे पुस्तिकाच नाही त्याचं काय? त्याच्यापुढे नुसता एक आकडा. एका ओसाड गावात, मरणाच्या दारात, पडद्यावर एक आकडा.

'अल्टिमा ७' तर माझ्या मते आजवरच्या सर्वोत्तम गेमांपैकी एक. १९९२ चा. त्यात प्रत्येक गावकरी सकाळी उठतो, कामाला जातो, संध्याकाळी जेवतो, रात्री झोपतो. पीठ घ्या, पाणी घाला, भट्टीत ठेवा, पाव तयार होतो. गोष्टीला त्या पावाचा काडीचा उपयोग नाही, तरी कुणीतरी तो भाजण्याची सोय केली. ह्या एका गोष्टीसाठी मी ओरिजिन कंपनीला दंडवत घालीन. आणि हाच गेम सुरू करायला काय करावं लागायचं? त्यांनी मेमरी वापरायची स्वतःची पद्धत बनवली, नाव वूडू. तिचं आणि ईएमएम ३८६ ह्या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं हाडवैर. त्या काळी बहुतेक संगणकांवर ईएमएम ३८६ असायचंच. म्हणून खास ह्या एका गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी बनवा, कॉन्फिग डॉट सिस उघडा, ओळी खोडा, नव्या लिहा, संगणक बंद करून पुन्हा चालू करा. ज्याला हे जमलं त्याला पहिल्याच गावाच्या वेशीवर अडवलं जायचं: बाहेर पडायचा परवलीचा शब्द हवा असेल तर सोबतचा नकाशा आणि पुस्तक बघून उत्तरं द्या. ती दोन्ही आमच्याकडे नव्हती हे वेगळं सांगायला नको. त्यातूनही जो तरला त्याच्या पिशवीतल्या चाव्या कधी कधी गायब व्हायच्या. पावाची भट्टी सुरू ठेवणाऱ्या माणसांना चावी जागेवर ठेवता आली नाही! ह्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण गेम थोर आहे. थोर माणसाच्या हातून हलगर्जी झाली तर तिला हलगर्जीच म्हणायचं, लीला नाही.

कीर्तनकारांची सगळ्यात मोठी लबाडी इथेच आहे. कठीण आणि सदोष ह्या दोन गोष्टींची त्यांनी एकत्र मोट बांधली आहे. दोषावर बोट ठेवलं की हे म्हणणार, "तुला कठीण झेपत नाही." अहो, मला कठीण झेपतं. मला कठीणच हवं असतं!

१९९७ च्या 'फॉलआउट'मध्ये तुमच्या बंकरची पाण्याची चिप बिघडलेली असते आणि नवी आणायला १५० दिवस मिळतात. उशीर झाला तर सगळे तहानेनं मरतात, गेम संपतो. कठोर? अतिशय. पण हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलेलं असतं. दिवस मोजता येतात. चुकलात तर चूक तुमची. १९८७ चा 'विझर्ड्री ४' त्याहून खवट. सुरुवातच बंद खोलीत, चारी बाजूंना भिंती, दार नाही. प्रकाशाचा मंत्र टाकल्यावरच चोरदार दिसतं, आणि तो मंत्र टाकायला आधी योग्य राक्षस सोबतीला बोलवायला हवेत. किती जण त्या पहिल्या खोलीतच कंटाळून गेले असतील! पण हा गेम मुरलेल्यांसाठी आहे असं विकतानाच बजावलं होतं. दार होतं, किल्ली होती, कोडं सुटत होतं. मी त्या खोलीला कधीही नावं ठेवणार नाही.

आता 'मोरोविंड' बघा, २००२ चा. ह्या गेमच्या प्रेमात अर्धं जग आहे, मीही आहे. तरी पहिल्या तासाभरात काय घडतं ते बघा. नवा नायक, हातात नवी तलवार, समोर चिखलातला एक खेकडा. तुम्ही धावत जाता आणि वार करता. पातं खेकड्याच्या पाठीतून आरपार जाताना तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. खेकड्याला काही होत नाही. दुसरा वार आरपार, काही नाही. तिसरा, काही नाही. तेवढ्यात खेकडा नांगी मारतो. कारण काय? आत, तुम्हाला न दाखवता, फासे टाकले जातायत. तलवारीचं कौशल्य, चपळाई, नशीब आणि दम यांवरून ठरतं की वार लागला की हुकला. आणि धावत आलात ना? धावण्यानं दम संपतो. दम संपला की नेम आणखी बिघडतो. हे त्या नवख्या बिचाऱ्याला सांगतं कोण? फासे टाकायला माझी हरकत नाही, ती पद्धत टेबलावर बसून खेळायच्या खेळांतून आली आहे आणि चांगली आहे. चार वर्षं आधीच्या 'बाल्डर्स गेट'मध्येही फासेच होते, पण तिथे सेटिंग बदललं की खालच्या चौकटीत आकडा लिहून यायचा: इतका पडला, इतका हवा होता. मोरोविंड डोळ्यांना एक दाखवतो आणि हिशेबात दुसरं लिहितो. ह्याला मी कठीण म्हणणार नाही. ही फसवणूक आहे.

बाल्डर्स गेटला सोडतोय असं समजू नका. १९९८, पाच सीड्या, गावाबाहेर पडलं की ही काढा ती घाला. त्यातलं फायरवाइनचं भुयार जो खेळला असेल त्याला पुढचं वाक्य वाचायचीही गरज नाही. एका माणसापुरता बोळ, आणि तुमची टोळी सहा जणांची. पुढचा थांबला की मागच्याला वाट दिसत नाही. मग तो शहाणा विचार करतो की दुसरीकडून वाट असेल, आणि एकटाच पाठ फिरवून अख्ख्या भुयाराला वळसा घालायला निघतो. तिकडे कोबोल्ड जातीचे शत्रू बाण घेऊन उभेच. तुमच्या मांत्रिकाचं मढं दुसऱ्या टोकाला सापडतं. उपाय काय, तर वाट शोधायला संगणकानं किती डोकं चालवावं तो आकडा सेटिंगमध्ये जाऊन तुम्हीच वाढवायचा. वाढवला की आमच्या पेन्शनीत निघालेल्या पेंटियमला धाप लागायची.

ओरिजिनच्या दोन प्रकरणांवर जास्त वेळ घालवत नाही. १९९४ च्या 'अल्टिमा ८'मध्ये जगाचा तारणहार दगडांवर उड्या मारत बसतो, पाण्यात पाय पडला की तत्काळ मरतो, आणि उड्यांचा जाच इतका की पॅच काढून त्या बदलाव्या लागल्या. तो घाईनं बाहेर काढला हे खुद्द कर्ता रिचर्ड गॅरियटनं पुढे कबूल केलं. पाच वर्षांनी 'अल्टिमा ९' आला, तो इतका मोडका की नोंदणी केलेल्या ग्राहकांना दुरुस्त सीडी टपालानं धाडायची वेळ आली. कर्ता चूक मान्य करतो, कंपनी सीडी बदलून देते, आणि आमचे कीर्तनकार अजून म्हणतात, चूक नव्हतीच, परीक्षा होती.

बरं, ह्यालाही परीक्षाच म्हणा. २००१ साली 'पूल ऑफ रेडिअन्स'चं नाव लावून एक नवा गेम आला, 'रुइन्स ऑफ मिथ ड्रॅनर'. तुम्ही तो ठरलेल्या फोल्डरऐवजी दुसरीकडे बसवला आणि कंटाळून काढून टाकायला गेलात, तर तो जाताना विंडोजच्या फाइलीही पुसून टाकायचा. संगणकच बसायचा. खेळताना मनस्ताप, आणि सोडतानाही सूड. "तेव्हा टीम लहान असायच्या, मशिनं अशक्त असायची" हे समर्थन मी मेमरीच्या बाबतीत ऐकून घेतो, फ्लॉपीच्या बाबतीत ऐकून घेतो. दुसऱ्याच्या फाइली पुसू नयेत हे समजायला किती मेगाबाइट लागतात?

'फॉलआउट २'चीही गोष्ट अशीच चीड आणणारी. १९९८ साली तो आला तेव्हा मोटारीची डिकी मोटार सोडून खेळाडूच्या मागे मागे फिरायची. ते गमतीचं. पण दुरुस्तीसाठी जो पॅच काढला त्यानं जुने सेव्ह निरुपयोगी झाले. दुरुस्ती हवी? मग केलेलं सगळं टाका आणि पहिल्यापासून सुरू करा. ह्या असल्या अनुभवांनी एक अख्खी पिढी दर दहा मिनिटांनी वेगवेगळ्या जागी सेव्ह करायला शिकली. कीर्तनकार ह्या सवयीला शिस्त म्हणतात. सावकाराकडून पावती घेणाऱ्याला काय शिस्तीची आवड असते? समोरच्यावर विश्वास नाही म्हणून तो पावती घेतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आज हे गेम चालतात, सुंदर चालतात, आणि म्हणून "बघा, किती टिकाऊ" असं म्हणायची सोय झाली आहे. ते टिकवले कुणी?

'व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स' हा १६ नोव्हेंबर २००४ ला बाजारात आला. त्याच दिवशी 'हाफ लाइफ २' आला, कारण दोघांचं इंजिन एकच आणि त्याच्याआधी विकायची ह्यांना परवानगी नव्हती. त्या हत्तीच्या पायाखाली हा सापडला. गेममध्ये एका टप्प्यावर शत्रूच्या मठातून निसटून तुम्ही होडीपाशी येता, आणि होडीत बसायला गेलात की गेम कोसळतो. दर वेळी. गोष्ट पुढे न्यायची तर कन्सोल उघडून आज्ञा टाइप करायची. कंपनीचं नाव ट्रॉइका. शेवटचा पॅच काढून ती काही महिन्यांत बंद पडली. पुढे काय? जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञानं, नोकरी सांभाळून, फुकट, हा गेम दुरुस्त करायला घेतला. २००५ पासून. पुढे वीसेक वर्षं त्याच्या पॅचच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. जुने गेम विकणाऱ्या जीओजीनं ब्लडलाइन्स विकायला ठेवला, तेव्हा त्यात हा चाहत्याचा पॅच आधीच घातलेला होता. विक्रीचे पैसे कुणाकडे जातात ते तुम्ही ओळखलंच असेल.

डॅगरफॉलचंही तेच. बेथेस्डानं तो २००९ साली फुकट देऊन टाकला. तो धडपणे खेळता यायला मात्र चाहत्यांना अख्खा गेम नव्या इंजिनवर नव्यानं उभा करावा लागला. डॅगरफॉल युनिटी असं त्याचं नाव, आणि त्याची १.० आवृत्ती आली २०२३ च्या अखेरीस. मूळ गेमला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. आज जो कुणी "डॅगरफॉल काय अफाट गेम आहे" म्हणतो तो बहुतेक वेळा ह्या स्वयंसेवकांनी भोकं बुजवलेला गेम खेळून बोलत असतो. बुजवणाऱ्यांची नावं त्याला ठाऊक नसतात. स्तुती कंपनीची, काळाची, आणि अर्थात स्वतःच्या चिवटपणाची. आयत्या बिळावरचे नागोबा!

आणि हेच लोक आजच्या पोरांना गप्प बसवतात. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला, जुन्या प्लेस्टेशनवर तो धड चालेना. पोरांनी काय केलं? बोंब मारली. व्हिडिओ टाकले, पैसे परत मागितले. १० डिसेंबरला आलेला गेम सोनीनं १८ डिसेंबरला आपल्या दुकानातून काढून टाकला, पैसे परत दिले, आणि तो पुन्हा विकायला ठेवला २०२१ च्या जूनमध्ये. काढून टाकला तो आठ दिवसांत! १९९६ मध्ये, १९९९ मध्ये, २००१ मध्ये असं काही झालं होतं का? आम्ही ओरडलो नाही म्हणून कंपन्यांना तशी सवय लागली, आणि ती सवय आजच्या पोरांच्या अंगावर आली आहे. ते तिच्याशी भांडतायत. त्यांना चिवटपणाचे धडे द्यायला जाणारा माणूस नकळत दुकानदाराची वकिली करतोय, तीही फी न घेता.

माझ्या शेजारचा एक मुलगा परवा नव्या गेमातल्या एका बगबद्दल कंपनीला लिहीत बसला होता: कुठे घडतो, कसा घडतो, कोणत्या मशिनवर, सोबत स्क्रीनशॉट. मुद्देसूद, खणखणीत पत्र. मागे उभे असलेले एक काका म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." नव्हतंच, काका. आता त्याला लिहू द्या.